स्वमग्नता आणि प्रौढ स्त्रिया : निदान का व कसे?

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा आग्रह होता. आम्ही बँकेत नोकरीस असल्यामुळे कर्जयोजना, विमा किंवा शिष्यवृत्तीची खाती यांवर लेख येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांची माहितीपत्रके कोणत्याही शाखेत मिळतात. ज्या गोष्टीची माहिती मिळविण्यासाठी आम्हांस स्वतःला जवळजवळ तीन वर्षे हिंडावे लागले, आणि जी गोष्ट आपल्या वस्तीत, आपल्या घरांत असूनही तिचे नाव कोणी घेत नाही, तिच्यावर चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरविले. ती म्हणजे स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. आणि त्यातही वयाने मोठ्या झालेल्या स्त्रीमध्ये ती असल्यास तिचे निदान.

प्रथमच स्पष्ट केलेले बरे की आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि गेली बावीस वर्षे लिपिक म्हणून काम करीत आहोत. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आम्हांस स्वमग्नता असल्याचे निदान झाले. या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा बाहेरून जडलेला रोग नव्हे, वेड नव्हे, आणि बुद्धीची कमतरताही नव्हे. काहींच्या बाबतीत बौद्धिक अक्षमता सोबत असते, पुष्कळांच्या बाबतीत ती नसते. मेंदूची वाढच आरंभापासून थोड्या निराळ्या रीतीने होते. त्यामुळे माणसांशी वागणे-बोलणे, आवाज, उजेड व स्पर्श यांची जाणीव, रोजच्या क्रमातील बदल सहन करणे या गोष्टी इतरांपेक्षा वेगळ्या घडतात. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही आणि वय वाढले म्हणून ती निघूनही जात नाही. मूल मोठे होते, तशी तीही त्याच्याबरोबर मोठ्या माणसात राहते. आपल्याकडे मात्र 'ऑटिझम' म्हटले की चार-पाच वर्षांचा, न बोलणारा मुलगाच डोळ्यांपुढे येतो.

निदान करताना तज्ज्ञ दोन गटांतील लक्षणे पाहतात. पहिला गट माणसामाणसांतील देवाणघेवाणीचा. समोरच्याशी संभाषण पुढे-मागे चालविणे, चेहरा, नजर व हातवारे यांचा अर्थ लावणे व ते स्वतः वापरणे, आणि नाती जोडून टिकविणे या तिन्ही बाबतींत अडचण असावी लागते. 'बघू या केव्हातरी' याचा अर्थ 'नाही' असा आहे, हे बहुतेकांना न सांगता कळते. आम्हांस ते कळत नाही. आम्ही 'केव्हा?' असे विचारतो, आणि समोरचा माणूस रागावतो.

दुसऱ्या गटात चार गोष्टी येतात. एकच हालचाल किंवा बोलणे पुन्हा पुन्हा करणे, ठरलेला क्रम मोडला की अतिशय अस्वस्थ होणे, एखाद्या विषयात खोलवर बुडून जाणे, आणि आवाज, वास, स्पर्श यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणे. यांपैकी निदान दोन असावी लागतात. शिवाय ही लक्षणे बालपणापासूनची असली पाहिजेत आणि त्यांमुळे जगण्यात खरोखरीची अडचण होत असली पाहिजे. एखाद्या दिवशी गर्दी नकोशी वाटली म्हणजे स्वमग्नता नव्हे.

येथे मराठी शब्दाबद्दलही थोडे लिहावेसे वाटते. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःतच बुडालेला. शासकीय कागदपत्रांतही हाच शब्द रूढ आहे, म्हणून आम्हीही तो वापरतो. परंतु या शब्दाने एक गैरसमज होतो. आमचा अनुभव अगदी उलट आहे. समोरची बाई हसली तर का हसली, आता आपण हसायचे की गप्प राहायचे, किती वेळ तिच्याकडे पाहायचे, याचा हिशेब आमच्या मनात दिवसभर चाललेला असतो. स्वतःत मग्न व्हायला फुरसतच मिळत नाही. प्रौढ स्त्रिया नजरेतून का सुटतात याचे एक कारण यातच आहे.

मुली मोजमापातून का सुटल्या?

याचा थोडा इतिहास पाहू. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथील डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी ४ मुलांवर प्रबंध लिहिला. चारही मुलगे होते. हा स्वभाव म्हणजे पुरुषी बुद्धीचे टोकाला गेलेले रूप होय, असेही त्यांनी त्यात म्हटले. या दोघांच्याही आधी मॉस्को येथील डॉ. ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी १९२५ मध्ये अशाच मुलग्यांविषयी व १९२७ मध्ये मुलींविषयी लिहून ठेवले होते. परंतु त्यांच्या लिखाणाकडे कित्येक दशके फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे जे घडले ते समजण्यास कठीण नाही. मुलग्यांवरून लक्षणे ठरली. त्या लक्षणांवरून प्रश्नावल्या व चाचण्या झाल्या. त्या चाचण्यांत मुली कमी सापडल्या. मुली कमी सापडतात म्हणून संशोधनही मुलग्यांवरच होत राहिले. मुलाच्या मापाने शिवलेला सदरा मुलीला बसला नाही, तर दोष मुलीचा मानावा तसा हा प्रकार झाला.

चार मुलग्यांमागे एक मुलगी असे प्रमाण अनेक वर्षे पुस्तकांत छापले जात होते. २०१७ मध्ये लंडन येथील संशोधकांनी ५४ निरनिराळे अभ्यास एकत्र तपासले. जेथे केवळ आधीच निदान झालेल्यांची मोजणी न करता लोकसंख्येत जाऊन शोध घेतला होता, तेथे हे प्रमाण तिनास एक याच्या जवळ आले. याचा अर्थ असा की मुली होत्याच. कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. लंडनमध्येच २०१६ साली, उशिरा निदान झालेल्या १४ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध झाल्या. आपल्या अडचणी शिक्षक व डॉक्टर यांनी मनावर घेतल्या नाहीत, आणि इतरांसारखे दिसण्याच्या खटाटोपात आपण थकून गेलो, असे त्या स्त्रियांनी सांगितले. समोरच्याचा वाईट हेतू वेळीच न ओळखता आल्याने त्यांपैकी अनेकींना लैंगिक अत्याचारासही तोंड द्यावे लागले होते. म्हणून हा प्रश्न केवळ स्वभावाचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

इतरांसारखे दिसण्याच्या या खटाटोपाला अभ्यासक 'मास्किंग' म्हणतात. आपण त्याला झाकणे म्हणू. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. त्यात स्पष्ट नोंद आहे की लक्षणे बालपणापासून असली तरी जबाबदाऱ्या झेपेनाशा होईपर्यंत ती पुरती दिसत नाहीत, किंवा नंतर शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे झाकली जातात. प्रौढ स्त्रीच्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचे आहे. त्याच आवृत्तीत 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे वेगळे नाव काढून सर्वांना एकाच नावाखाली आणले गेले. त्यामुळे जुन्या कागदावर ते नाव आढळले तर गोंधळून जाऊ नये.

'शांत, शहाणी मुलगी'

आता थोडे स्वतःविषयी. शाळेत असताना आमच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा असे. मधल्या सुटीत मुली रिंगण करून खेळत आणि आम्ही फळ्यापाशी उभे राहून त्यांचे बोलणे ऐकत असू. घरी आल्यावर तेच बोलणे, त्याच हेलात, आरशासमोर म्हणून पाहत असू. याला कोणी लक्षण म्हटले नाही. मुलगा वर्गात कान झाकून ओरडला की शाळा पालकांना बोलावते. मुलगी कान न झाकता मुकाट्याने बसली की शाळा तिचे कौतुक करते. दोघांच्या कानांना होणारा त्रास मात्र सारखाच असतो.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. शिकून नोकरीस लागलेली आमच्या घराण्यातील ही पहिली मुलगी. 'आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये,' असे वडील नेहमी सांगत. काउंटरवर आमच्याकडून चूक झाली तर ती एका लिपिकाची चूक म्हणून कोणी सोडून देणार नाही, ती कोणत्या जागेवर, कोणत्या यादीतून आली याची कुजबुज होईल, हे आम्ही पहिल्याच महिन्यात ऐकले होते. त्यामुळे इतर स्त्रिया एक गोष्ट झाकीत असतील तर आम्ही दोन झाकीत होतो. आपल्या समाजातील अनेक शिकलेल्या मुली हेच ओझे वाहत असाव्यात.

सुमारे पंधरा वर्षे आम्ही मागच्या टेबलावर क्लिअरिंगचे काम केले. धनादेश, आकडे, संध्याकाळची जुळणी. खातेदारांचे नंबर आम्हांस तोंडपाठ असत आणि त्याबद्दल शाखेत आमचा मान होता. पुढे दोन शाखांचे एकत्रीकरण झाले आणि आम्हांस पुढच्या काउंटरवर बसविण्यात आले. नोटा मोजण्याच्या यंत्राचा आवाज, टोकनची घंटा, लुकलुकणारी ट्यूब, एकाच वेळी तीन माणसांचे तीन प्रश्न. सहा महिन्यांत आमची झोप गेली. संध्याकाळी घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नसे. यजमान विचारीत, 'रागावलीस का?' आणि आम्ही तासभर नुसते भिंतीकडे पाहत बसत असू. एका डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी झोप आली, पण सकाळी काउंटर तेथेच होता.

याच सुमारास धाकट्या बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाची तपासणी व्हायची होती. बहिणीबरोबर आम्ही बालविकास केंद्रात गेलो. तेथील प्रश्नावली आम्ही मोठ्याने वाचत होतो आणि ती उत्तरे सांगत होती. 'नव्या कपड्यांचा त्रास होतो का? ताटातील पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत का?' चार-पाच प्रश्न झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, 'ताई, यातलं निम्मं तर तुझंच लिहिलंय.' आपल्याकडे पुष्कळ प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना, स्वतःविषयी कळते ते असेच, घरातील मुलाच्या निमित्ताने. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने यात आश्चर्य नाही.

निदानासाठी कोठे व कसे जावे?

आमच्या अनुभवावरून व वाचनावरून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, स्वतःच्या नोंदी. तज्ज्ञांकडे गेल्यावर आपण नेहमीच्या सवयीने 'सर्व ठीक आहे' असे सांगून मोकळे होतो. म्हणून आधीच एका वहीत लिहून ठेवावे. लहानपणी काय होत असे, शाळेत काय, नोकरीत काय, आणि आजही कोणत्या गोष्टी आपण ठरवून, पाठ करून करतो. केवळ 'गर्दी आवडत नाही' असे न लिहिता 'अमुक लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून आलो व दोन दिवस आजारी होतो' असे लिहावे. जुनी प्रगतिपुस्तके सापडल्यास बरोबर ठेवावीत.

दुसरी पायरी, योग्य माणसाचा शोध. निदान मनोविकारतज्ज्ञ करतात, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासणी करतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात ही सोय कमी खर्चात होऊ शकते. भेट ठरविण्यापूर्वी फोनवर एकच प्रश्न विचारावा : 'आपण प्रौढ स्त्रियांची स्वमग्नतेसाठी तपासणी केली आहे काय?' हा प्रश्न न विचारल्याने आमचे एक वर्ष गेले. पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितले, 'तुम्ही नोकरी करता, तुमचं लग्न झालंय, माझ्याकडे बघून बोलताय, मग कसला ऑटिझम?' आम्ही त्यांच्या डोळ्यांकडे नव्हे, चष्म्याच्या दांडीकडे पाहत होतो. पण ते सांगण्याचे त्या वेळी सुचले नाही.

तिसरी पायरी, प्रत्यक्ष तपासणी. यासाठी रक्ताची चाचणी किंवा डोक्याचा फोटो नसतो. सविस्तर मुलाखती असतात, ठराविक पद्धतीचे निरीक्षण असते आणि प्रश्नावल्या असतात. केंब्रिज येथे २००१ मध्ये तयार झालेली ५० प्रश्नांची प्रश्नावली बरीच प्रसिद्ध आहे. परंतु अशी प्रश्नावली चाळणीचे काम करते, आणि चाळण म्हणजे तराजू नव्हे. घरी बसून आलेल्या गुणांवरून स्वतःच निष्कर्ष काढू नये. स्त्रियांच्या बाबतीत आवडीचा विषयही फसवा असतो. मुलगा आगगाड्यांच्या मागे लागला तर लगेच लक्षात येते. मुलगी एकाच लेखकाच्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचीत असेल तर 'वाचनाची आवड' म्हणून तिला बक्षीस मिळते. विषय साधा दिसतो, पण त्यात बुडून जाणे साधे नसते.

चौथी पायरी, इतर कारणांची पडताळणी. काळजीचा विकार, मंत्रचळ, अवधानाची अडचण, नैराश्य, जुन्या आघाताचे परिणाम यांतूनही अशीच काही लक्षणे दिसतात, आणि कधी ती स्वमग्नतेच्या बरोबरीनेही असतात. चांगले तज्ज्ञ हे सर्व तपासून पाहतात. तपासणीअंती 'स्वमग्नता नाही' असे उत्तर आले तरी खरे कारण कळते, म्हणून तो खर्च वाया गेला असे समजू नये.

आईची साक्ष

लक्षणे बालपणापासून होती की नाही हे पाहण्यासाठी आई-वडील किंवा घरातील वडीलधाऱ्या माणसाला बोलावतात. आमची आई आता पंचाहत्तरीकडे आली आहे. शाळा चौथीपर्यंत. मॅडमनी विचारले, 'लहानपणी कशी होती?' आई अभिमानाने म्हणाली, 'लय शहाणी होती. जिथं बसवली तिथंच बसून राहे.' मॅडमनी शांतपणे पुढे विचारले, 'बसून काय करायची?' मग आईला एकेक आठवू लागले. चिंचोक्यांच्या रांगा लावायची. कोणी एक चिंचोका हलवला तर पहिल्यापासून लावायची. नवा झालरीचा फ्रॉक घातला की उलटी व्हायची. पाहुणे आले की कणगीच्या मागे जाऊन बसायची. दोन तास हे चालले. आमच्या आयुष्याचा पुरावा इतकी वर्षे आईच्या आठवणीत पडून होता. तो तिला कोणी विचारला नव्हता.

परत येताना बसमध्ये आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, 'माहं काही चुकलं का, बाई?'

वाचकांनो, हा प्रश्न अनेक आयांच्या मनात येतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट लिहितो. नाही. आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, असे मत एकेकाळी अमेरिकेत मोठमोठे लोक मांडीत असत आणि त्यापायी असंख्य आयांनी विनाकारण शिक्षा भोगली. डॉ. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून त्या मताला आव्हान दिले. पुढील संशोधनाने ते मत पूर्णपणे टाकून दिले आहे. आईच्या संगोपनातील चुकीमुळे स्वमग्नता होत नाही. आम्ही आईला बसमध्ये एवढेच सांगितले, 'नाही आई. तू जसं होतं तसं सांभाळलंस.'

निदान वेगळे, प्रमाणपत्र वेगळे

या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. निदान म्हणजे तज्ज्ञांनी दिलेला वैद्यकीय अहवाल. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून, सामान्यतः शासकीय रुग्णालयातून मिळते. निदान झाले म्हणून प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे असे बंधन नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केलेली असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के जागांपैकी १ टक्का जागा ज्या गटासाठी आहेत, त्यात स्वमग्नता येते. टक्केवारीसाठी २००९ मध्ये सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मापनश्रेणी प्रचारात आली. तिच्यात सहा विभागांत ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. समोर दिसणाऱ्या वर्तनावर हे गुण अवलंबून असल्याने, वर्षानुवर्षे झाकायला शिकलेल्या बाईचे गुण कमी भरण्याचा संभव असतो. म्हणून तेथेही आपल्या नोंदींची वही व तज्ज्ञांचा अहवाल बरोबर न्यावा, आणि तेथे तरी शहाणपणाचे सोंग करू नये.

याच कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी पुरविल्या पाहिजेत. आम्ही बराच विचार करून शाखाधिकाऱ्यांना अर्ज दिला. मागण्या तीनच होत्या : मागच्या टेबलावरील काम, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, आणि जागा बदलायची असल्यास दोन दिवस आधी कल्पना. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीचे उत्तर अद्याप आलेले नाही. काही सहकाऱ्यांचे वागणे बदलले, ते चहाला बोलावीनासे झाले. एका शिपाईदादांनी मात्र काही न विचारता आमच्या डोक्यावरची ट्यूब बदलून दिली. नोकरीच्या ठिकाणी सांगावे की न सांगावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. सांगण्यात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही.

'नाव लावून काय मिळालं?'

हा प्रश्न आमच्या यजमानांनी विचारला. 'इतकी वर्षं निभलं ना? मग आता या वयात हे कशाला?' प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देतो.

निदानाने स्वमग्नता गेली नाही. काउंटरचा आवाज कमी झाला नाही. गेलेली वर्षे परत आली नाहीत. उलट पहिले काही महिने त्या वर्षांचे फार वाईट वाटले. पण एक झाले. आयुष्यभर आम्ही स्वतःला तुसडी, गर्विष्ठ, आळशी आणि नाटकी अशी चार नावे लावीत आलो होतो. ती चारही नावे चुकीची ठरली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर नोंद चुकीच्या खात्यात पडली होती, ती बरोबर खात्यात आली. रक्कम तीच आहे, पण आता जुळणी होते. आता सुटीच्या दिवशी निम्मा वेळ आम्ही शांत खोलीत काढतो आणि त्याची लाज वाटत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेमागे चालत नाही, पहाटे गर्दी होण्यापूर्वी जाऊन अभिवादन करून येतो. पूर्वी यावरून 'हिला समाजाचं काही नाही' असे बोलणे ऐकावे लागे. यजमानांना अजून सगळे पटलेले नाही. पण संध्याकाळी आम्ही घरी आलो की ते टीव्हीचा आवाज कमी करतात आणि 'रागावलीस का?' असे विचारीत नाहीत.

ज्या भगिनींना हे वाचून आपलेच वर्णन वाटेल त्यांनी घाबरू नये व घाईही करू नये. आधी वही करावी, मग विश्वासातील एका माणसाशी बोलावे, मग तज्ज्ञांकडे जावे. मन फारच खचले असेल तर निदानाची वाट न पाहता आधी त्यावर उपचार घ्यावेत. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतून बोलता येते.

शेवटी सभासदांस एक विनंती. गेल्या वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात दहावीतील एक मुलगी नाव पुकारूनही व्यासपीठावर आली नाही. मागे कोणीतरी 'टक्के मिळाले की असाच माज येतो' असे म्हणाले. तिला स्वमग्नता आहे असे आम्ही म्हणत नाही. ते ठरविणे आमचे काम नव्हे. ती भिंतीला टेकून उभी होती, ध्वनिक्षेपक तिच्या अगदी जवळ होता आणि तिने दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली होती, एवढे आम्ही पाहिले. यंदा ज्या मुलांना व्यासपीठावर यायचे नसेल त्यांचे प्रशस्तिपत्र त्यांच्या जागेवर नेऊन द्यावे, आणि कोणालाही कारण विचारू नये. यासाठी खर्च काही नाही. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, एवढे नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करतो.